निवृत्त सर्व्हरचे नाव यादीतून कोणी वगळायचे?

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरात राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेच्या डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. अखंडित वीजपुरवठ्यासाठी बसवलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना ही दुर्घटना घडली आणि त्या देशातील शेकडो शासकीय सेवा एकाच वेळी ठप्प झाल्या. बंद पडलेल्या संगणकप्रणालींची संख्या सुरुवातीला ६४७ असल्याचे सांगण्यात आले. मात्र आगीनंतर जवळपास दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर रोजी, ही संख्या प्रत्यक्षात ७०९ असल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. सर्व प्रणालींची नोंद ठेवणारी व्यवस्थापन यंत्रणाच आगीत ठप्प झाली होती. ती पूर्ववत झाल्यावरच खरी यादी हाती आली.

संगणकतंत्रज्ञानात जगात आघाडीवर असलेल्या देशावर ही वेळ आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे नेमके किती सर्व्हर आहेत, त्यांपैकी किती चालू आहेत आणि किती निवृत्त झाले आहेत, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे अचूक उत्तर देणे मोठ्या संस्थांना अनेकदा कठीण जाते. कोरियात यादीतून नावे सुटली होती. दैनंदिन कामकाजात याच्या नेमकी उलट अडचण अधिक वेळा येते. यंत्र केव्हाच बंद करून हलवलेले असते. परंतु देखरेख यंत्रणेच्या यादीत त्याचे नाव कायम राहते. नसलेले यंत्र प्रतिसाद देत नाही म्हणून ती यंत्रणा अपरात्री धोक्याची घंटा वाजवत राहते.

यावर उपाय म्हणून निवृत्त सर्व्हरची नावे देखरेखीतून आपोआप वगळण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ होत आहे. वरकरणी हा केवळ तांत्रिक सोयीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात बँका, रुग्णालये, शेअर बाजार आणि शासकीय सेवा यांच्या विश्वासार्हतेशी त्याचा थेट संबंध आहे. नाव कोणत्या आधारावर वगळायचे, हा यातील कळीचा प्रश्न आहे.

निवृत्तीची लाट

सर्व्हरचे आयुष्य मर्यादित असते. यंत्रसामग्री जुनी होते, देखभालीचा करार संपतो किंवा त्यावरील सॉफ्टवेअरला उत्पादकाकडून मिळणारे सुरक्षाविषयक साहाय्य थांबते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर २०१२ या प्रणालीचे विस्तारित साहाय्य १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपले. सेंट ओएस ७ या जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स प्रणालीचे साहाय्य ३० जून २०२४ रोजी संपुष्टात आले. विंडोज सर्व्हर २०१६ साठी १२ जानेवारी २०२७ ही तारीख ठरलेली आहे. अशा प्रत्येक तारखेच्या आगेमागे मोठ्या संख्येने सर्व्हर बदलले जातात आणि तितक्याच संख्येने जुने सर्व्हर सेवेतून बाहेर पडतात.

भारतात या प्रक्रियेला नियामक संस्थांच्या आदेशांमुळे अधिक गती मिळाली आहे. माहिती तंत्रज्ञानाच्या कारभाराविषयी रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रसृत केलेले निर्देश १ एप्रिल २०२४ पासून अमलात आले. कालबाह्य आणि साहाय्य संपलेली यंत्रसामग्री व सॉफ्टवेअर वापरणे टाळावे, त्यांच्या साहाय्यसमाप्तीच्या तारखांवर सातत्याने लक्ष ठेवावे आणि ती तारीख उलटण्यापूर्वीच बदलाची योजना आखावी, असे त्यांत स्पष्ट करण्यात आले आहे. सेबीनेही २० ऑगस्ट २०२४ रोजी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर करून बाजाराशी संबंधित संस्थांना आपल्या संगणकीय मालमत्तेची अद्ययावत नोंद ठेवणे बंधनकारक केले.

दुसरीकडे, क्लाउड सेवांमुळे सर्व्हरच्या आयुष्याची कल्पनाच बदलली आहे. पूर्वी एक सर्व्हर पाच-सात वर्षे एकाच खोलीत राहत असे. आता मागणी वाढली की काही मिनिटांत नवे आभासी सर्व्हर उभे राहतात आणि मागणी ओसरली की तितक्याच वेगाने नाहीसे होतात. सकाळी जन्मलेला सर्व्हर संध्याकाळी निवृत्त होत असेल, तर त्याचे नाव हाताने यादीत लिहिणे आणि हाताने खोडणे कोणत्याही कर्मचाऱ्याला शक्य नाही.

लांडगा आला रे आला

देखरेख यंत्रणेचे काम समजण्यास सोपे आहे. नेजिओस, झॅबिक्स किंवा प्रोमेथियस यांसारखी सॉफ्टवेअरे दर काही सेकंदांनी वा मिनिटांनी यादीतील प्रत्येक सर्व्हरची विचारपूस करतात. तो प्रतिसाद देतो का, त्याची साठवणक्षमता संपत आली आहे का, त्यावरील सेवा सुरू आहे का, याची तपासणी होते. उत्तर मिळाले नाही, तर पाळीवर असलेल्या अभियंत्याला दूरध्वनीवर इशारा जातो. यादीत निवृत्त सर्व्हर असतील तर त्यांच्याविषयीचे इशारे कधीच थांबत नाहीत. ते खोटे असल्याचे अभियंत्याला ठाऊक असते, म्हणून तो त्यांकडे दुर्लक्ष करू लागतो. काही दिवसांनी दुर्लक्ष करणे ही सवय बनते आणि ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतल्याप्रमाणे खऱ्या संकटाच्या वेळी कोणी धावून येत नाही.

इशाऱ्यांकडे लक्ष न जाण्याची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेच्या प्रकरणात सापडते. २७ जुलै २०१२ पासून या संस्थेने आपल्या आठ सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने नवे सॉफ्टवेअर बसवले. परंतु त्यांपैकी एक सर्व्हर नजरचुकीने वगळला गेला. त्या सर्व्हरवर २००३ पासून वापरात नसलेला, तरीही कधीच काढून न टाकलेला जुना प्रोग्रॅम शिल्लक होता. १ ऑगस्ट रोजी बाजार उघडताच तो जागा झाला. ग्राहकांच्या केवळ २१२ मागण्या पूर्ण करताना सुमारे ४५ मिनिटांत चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि संस्थेला ४६ कोटी डॉलरपेक्षा अधिक तोटा सोसावा लागला.

अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये दिलेल्या आदेशातील एक नोंद या संदर्भात महत्त्वाची आहे. त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वीच संस्थेच्या यंत्रणेने या त्रुटीकडे निर्देश करणारे ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. हे संदेश इशारे म्हणून पाठवलेले नसल्यामुळे आणि एरवीही ते कोणी वाचत नसल्यामुळे त्यांवर कोणतीही कार्यवाही झाली नाही. या एकाच घटनेत दोन दोष एकत्र आले होते. निवृत्त केलेली गोष्ट प्रत्यक्षात काढून टाकलेली नव्हती आणि यंत्राचा आवाज ऐकण्याची सवय माणसांनी सोडली होती.

साधने आणि त्यांची मर्यादा

कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची साधने, म्हणजे अनेक संगणकांची रचना एका ठिकाणी लिहून ठेवून ती सर्वत्र लागू करणारी सॉफ्टवेअरे, या समस्येचे स्वाभाविक उत्तर मानली जातात. या परंपरेचा आरंभ नॉर्वेमध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये तयार केलेल्या सीएफइंजिनपासून होतो. त्यानंतर २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये सॉल्ट आणि २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल ही साधने आली. प्रत्येक सर्व्हर कसा असावा, याचे वर्णन या साधनांकडे असते. त्यामुळे कोणत्या सर्व्हरवर देखरेख ठेवायची, हेही त्यांनाच ठाऊक असावे, हा विचार तर्कशुद्ध आहे.

पपेटच्या पद्धतीत प्रत्येक सर्व्हर मध्यवर्ती नोंदसंग्रहात ‘माझ्यावर देखरेख ठेवावी’ अशा आशयाची नोंद स्वतःच पाठवतो. देखरेख करणारा सर्व्हर या सर्व नोंदी गोळा करून आपली यादी तयार करतो. नवा सर्व्हर उभा राहिला की कोणीही हात न लावता त्याचे नाव यादीत येते. येथपर्यंतचे काम निर्वेध होते. अडचण सर्व्हर निवृत्त होताना येते.

बंद केलेला सर्व्हर आपली नोंद मागे घ्यायला परत येऊ शकत नाही. त्याने अखेरची पाठवलेली नोंद संग्रहात तशीच राहते आणि देखरेख सुरूच राहते. म्हणून प्रशासकाने तो सर्व्हर नोंदसंग्रहात ‘निष्क्रिय’ असल्याचे घोषित करावे लागते आणि त्याचे सुरक्षा प्रमाणपत्रही रद्द करावे लागते. एवढे केल्यावरही काम पूर्ण होत नाही. निष्क्रिय सर्व्हरची नोंद पुढच्या वेळी गोळा केली जात नाही; परंतु देखरेख यंत्रणेच्या फाइलमध्ये पूर्वी लिहिली गेलेली ओळ तशीच राहू शकते. यादीत नसलेल्या सर्व नोंदी काढून टाकाव्यात, अशी वेगळी आज्ञा दिली तरच ती ओळ पुसली जाते. या साधनांचा मूळ स्वभावच असा आहे, की ज्याचा उल्लेख आहे त्याचीच ती काळजी घेतात. उल्लेख न करणे म्हणजे काढून टाकण्याची आज्ञा, असा अर्थ ती आपणहून लावत नाहीत.

अ‍ॅन्सिबलच्या बाबतीत क्रमाला महत्त्व आहे. या साधनाकडे सर्व्हरची एक यादी असते आणि यादीतील सर्व्हरवरच ते काम करते. प्रशासकाने सर्वप्रथम यादीतून नाव काढले, तर साधन त्या सर्व्हरला पूर्णपणे विसरते आणि देखरेख यंत्रणेतील नोंद पुसायला कोणीच उरत नाही. म्हणून आधी ‘हा सर्व्हर नसावा’ असे लिहून ती आज्ञा चालवणे आणि मगच नाव वगळणे आवश्यक ठरते. क्रम चुकला तर निवृत्त सर्व्हर देखरेखीत तसाच अडकून राहतो.

शांतता म्हणजे निवृत्ती नव्हे

या कटकटीवर अनेकांना एक सोपा मार्ग सुचतो. एखादा सर्व्हर ठराविक दिवस काहीच बोलला नाही, तर तो निवृत्त झाला असे समजून त्याचे नाव आपोआप वगळावे. अनेक साधनांमध्ये अशी मुदत ठरवण्याची सोयही आहे. अल्पायुषी आभासी सर्व्हरच्या बाबतीत ती उपयुक्त ठरते. मात्र सरसकट वापरल्यास याच सोयीतून सर्वांत गंभीर धोका निर्माण होतो.

निवृत्त झालेला सर्व्हर आणि बिघडलेला सर्व्हर हे दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही गप्प असतात. देखरेख यंत्रणेचे प्रयोजनच मुळी या शांततेची दखल घेणे हे आहे. जी शांतता संकटाची खूण मानायची, तिलाच निवृत्तीचा पुरावा मानले, तर बंद पडलेला सर्व्हर काही काळाने यादीतून नाहीसा होईल, घंटा थांबेल आणि फलकावर सर्वत्र हिरवे दिवे दिसू लागतील. वर्षातून एकदाच लागणारा, परंतु त्या दिवशी अत्यावश्यक असणारा राखीव सर्व्हर अशा रीतीने नकळत हरवू शकतो.

प्रोमेथियस या यंत्रणेचे कार्य या दृष्टीने बोलके आहे. यादीतील एखाद्या सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर त्याच्यापुढे शून्य अशी नोंद होते आणि त्या शून्यावर इशारा बेतता येतो. परंतु ज्या सेवेकडून प्रोमेथियसला सर्व्हरची यादी मिळते, तिनेच ते नाव वगळले, तर शून्यही लिहिले जात नाही, नोंदच थांबते. शून्याची वाट पाहणारा इशारा मग कधीच वाजत नाही. ‘नोंद अस्तित्वात आहे का’ याची वेगळी तपासणी लिहून ठेवली असेल, तरच हा अभाव लक्षात येतो.

इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती संस्थेतील २०१७ ची माहितीचोरी हे शांततेच्या फसवेपणाचे उदाहरण आहे. सुमारे १४ कोटी ७० लाख नागरिकांची माहिती या प्रकरणात उघड झाली. संस्थेच्या जाळ्यातील सांकेतिक संदेशांची तपासणी करणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र अनेक महिन्यांपूर्वीच कालबाह्य झाले होते. परिणामी तपासणी बंद होती. मात्र वाहतूक सुरू होती आणि कोणताही इशारा येत नव्हता. २९ जुलै २०१७ रोजी प्रमाणपत्र बदलताच संशयास्पद हालचाली तत्काळ दिसू लागल्या. तोपर्यंत घुसखोरांना अडीच महिने मिळाले होते. सदोष सॉफ्टवेअरविषयीची सूचना ज्यांना पाठवली गेली, त्या कर्मचाऱ्यांची यादीही जुनी झाली होती, असे अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे.

घोषणा माणसाची, अंमलबजावणी यंत्राची

या अनुभवांतून निघणारा निष्कर्ष स्वयंचलनाच्या विरोधात जात नाही. नाव हाताने खोडण्याची पद्धत विसराळू आहे. तिच्यातूनच खोट्या इशाऱ्यांचा पसारा वाढतो. मात्र स्वयंचलनाचा आरंभ सर्व्हरच्या मौनापासून न होता कोणीतरी जबाबदारीने केलेल्या घोषणेपासून व्हावा लागतो. ‘अमुक सर्व्हर अमुक तारखेस सेवेतून निवृत्त केला’ ही नोंद अधिकार असलेल्या व्यक्तीने एकदाच, एकाच ठिकाणी करावी आणि त्यापुढची सर्व कामे साधनांनी बिनचूक पार पाडावीत, ही विभागणी सर्वाधिक सुरक्षित ठरते. क्लाउडमधील अल्पायुषी सर्व्हरच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. तेथे प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र निर्णय होत नसला, तरी यंत्रे कमी करण्याची आज्ञा देणारा नियम कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेला असतो आणि ती आज्ञा नोंदवली जाते. ती आज्ञा हीच घोषणा होय.

घोषणेनंतरच्या कामांचा क्रमही ठरलेला असावा लागतो. प्रथम सर्व्हरवरील कामाचा भार अन्यत्र वळवला जातो. त्यानंतर त्याचे इशारे मर्यादित काळासाठी स्थगित केले जातात; परंतु नोंद लगेच पुसली जात नाही. या प्रतीक्षाकाळात कोणाची तक्रार आली नाही, तर यंत्र बंद करून देखरेखीतील नोंद काढली जाते. झॅबिक्ससारख्या यंत्रणेत सर्व्हरची नोंद पुसल्यास त्याविषयी साठवलेली जुनी माहितीही नष्ट होते. म्हणून तेथे आधी नोंद निष्क्रिय करणे आणि आवश्यक मुदतीनंतरच ती पुसणे इष्ट ठरते.

याशिवाय एक संरक्षक मर्यादा आवश्यक असते. नोंदसंग्रह बंद पडला किंवा त्याने चुकून रिकामी यादी दिली, तर ‘यादीत नसलेले सर्व काढून टाका’ ही आज्ञा पाळणारे साधन संपूर्ण देखरेखच पुसून टाकू शकते. एका वेळी ठराविक प्रमाणापेक्षा अधिक नावे वगळली जात असतील, तर साधनाने थांबून माणसाची संमती मागावी, असा नियम या संकटाला आळा घालतो. एरवी दोन नावे वगळणाऱ्या साधनाला एके दिवशी दोनशे नावे वगळावीशी वाटली, तर दोष सर्व्हरमध्ये नसून यादीत असण्याचीच शक्यता अधिक असते.

पत्त्यांचाही प्रश्न उरतो. क्लाउडमध्ये भाड्याने घेतलेला सर्व्हर परत केल्यावर त्याचा आयपी पत्ता दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. देखरेख यंत्रणा त्याच पत्त्यावर विचारपूस करत राहिली, तर अनोळखी यंत्राकडून उत्तर येते आणि निवृत्त सर्व्हर जिवंत असल्याचा भास होतो. डोमेन नावाची जुनी नोंद तशीच राहिली, तर संस्थेच्या नावावर भलत्याच व्यक्तीचे संकेतस्थळ उघडण्याचा धोकाही संभवतो. म्हणून देखरेखीतील नाव, डोमेन नोंद, प्रमाणपत्र, बॅकअपचे वेळापत्रक आणि प्रवेशाचे अधिकार ही सर्व एकाच घोषणेतून एकत्रितपणे रद्द होणे आवश्यक आहे.

नाव पुसले, माहिती उरली

यादीतून नाव गेले म्हणजे सर्व्हरशी असलेली जबाबदारी संपत नाही. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने २०१६ मध्ये अमेरिकेतील आपली दोन डेटा सेंटर बंद केली. जुन्या यंत्रांची विल्हेवाट लावण्याचे काम ज्या कंपनीला दिले गेले, ती सामानाची ने-आण करणारी होती. माहिती नष्ट करण्याचा तिला अनुभव नव्हता. ग्राहकांची माहिती असलेली काही उपकरणे विकली गेली आणि पुढे इंटरनेटवरील लिलावात पोहोचली. शाखांमधील सर्व्हर बदलण्याच्या दुसऱ्या एका मोहिमेत ४२ सर्व्हरचा ठावठिकाणाच लागला नाही. बँकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकी कार्यालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये या संस्थेला सहा कोटी डॉलरचा दंड केला, तर रोखे व विनिमय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये आणखी साडेतीन कोटी डॉलरचा दंड ठोठावला. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचे संरक्षण करण्यात कसूर झाल्याचा ठपका आयोगाने ठेवला होता.

भारतातील कायदेशीर स्थितीही आता अधिक कठोर होत आहे. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणकप्रणालींच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवणे आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण नियमांत अशा नोंदी किमान एक वर्ष जपण्याची तरतूद असून, नियमांतील मुख्य जबाबदाऱ्या अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. सर्व्हर देखरेखीतून वगळताना त्याच्या जुन्या नोंदीही पुसल्या गेल्या, तर संस्था नकळत कायद्याचा भंग करू शकते. तसेच १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर उपकरणे वापरणाऱ्या संस्थांनी जुनी यंत्रे नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच सोपवायची आहेत.

यात एक विरोधाभास दिसतो. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत जडवस्तू संग्रह नोंदवही ठेवण्याची प्रथा जुनी आहे. मोडकी खुर्चीसुद्धा निर्लेखनाच्या प्रस्तावाशिवाय आणि सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय नोंदवहीतून कमी होत नाही. ही पद्धत संथ म्हणून अनेकदा थट्टेचा विषय होते. परंतु वस्तू दिसत नाही एवढ्या कारणाने ती नोंदीतून वगळायची नाही, हे तत्त्व तिने जपले आहे. संगणकाच्या क्षेत्रात वेग आला. मात्र हे तत्त्व मागे पडले. नोंदवहीचा काटेकोरपणा आणि साधनांचा वेग यांची सांगड घालणे हेच आता व्यवस्थापनापुढील काम आहे.

निवृत्तीची घोषणाच न होणे, ही याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे. जोनाथन कूमी आणि जॉन टेलर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे चार हजार सर्व्हरच्या नमुन्यापैकी ३० टक्के सर्व्हर सहा महिने वा त्याहून अधिक काळ कोणतेही उपयुक्त काम न करता वीज वापरत असल्याचे आढळले होते. हे सर्व्हर विचारपूस होताच व्यवस्थित उत्तर देतात, म्हणून देखरेख यंत्रणेच्या दृष्टीने ते निरोगी असतात. त्यांना निवृत्त करण्याचा निर्णय घेणारा कोणी नसतो, एवढाच त्यांचा आजार असतो. भारतातील डेटा सेंटर क्षमतेचा मोठा हिस्सा मुंबई आणि नवी मुंबई परिसरात एकवटलेला आहे. वीज आणि पाणी यांवरील वाढता भार पाहता हा निर्णय वेळेवर होणे तेथे विशेष महत्त्वाचे ठरते.

देखरेख यंत्रणेची यादी हे संस्थेने स्वतःविषयी केलेले विधान असते. काय अस्तित्वात आहे आणि कशाची काळजी घेतली जात आहे, हे ती सांगते. त्या यादीत नसलेल्या यंत्रांची गर्दी झाली, तर पाळीवरचा अभियंता घंटेला दाद देईनासा होतो. आणि असलेली यंत्रे तिच्यातून गळाली, तर घंटा वाजतच नाही. पहिला दोष साधने दूर करू शकतात. दुसरा दोष मात्र साधनांच्या हाती निर्णय सोपवल्यानेच ओढवतो. यंत्र गप्प का आहे, याचे उत्तर माहीत असलेल्या माणसाने ते लिहून ठेवले, तरच नाव पुसण्याचे काम यंत्रावर निर्धास्तपणे सोपवता येईल. डेजॉनच्या आगीनंतर यादी पूर्ण व्हायला जवळपास दोन आठवडे लागले. आपली यादी आज खरी आहे का, हे तपासण्यासाठी कोणत्याही संस्थेने आगीची वाट पाहण्याचे कारण नाही.